भंगारातली विमाने आणि परतलेली माणसे

१/ युद्ध संपते त्या दिवशी सैनिकाचेही युद्ध संपते का? याच प्रश्नावर १९४६ साली अमेरिकेत एक चित्रपट निघाला. त्यातला एक माजी हवाई योद्धा मोडीत काढलेल्या बॉम्बर विमानांच्या रांगांमधून एकटाच चालत जातो आणि त्यांतल्या एका विमानात चढून बसतो. तशीच मोडीत काढलेली विमाने त्या काळात आपल्या कानपुरातही उभी होती. त्यांचे पुढे जे झाले त्याचा एक दुवा थेट आपल्या इंदापूर तालुक्यात सापडतो. आजचा धागा त्या विमानांविषयी आणि ती उडवून घरी परतलेल्या माणसांविषयी आहे. थोडा लांब आहे, सवडीने वाचावा.

२/ चित्रपटाचे नाव ‘द बेस्ट इयर्स ऑफ अवर लाइव्ह्ज’. दिग्दर्शक विल्यम वायलर. दुसऱ्या महायुद्धातून तीन सैनिक एकाच विमानाने आपल्या गावी परततात, एवढीच कथा. एक वयस्क सार्जंट, युद्धापूर्वीचा बँक अधिकारी. दुसरा नौदलातला तरुण, दोन्ही हात गमावलेला. तिसरा हवाई दलातला कॅप्टन फ्रेड डेरी. ही भूमिका डॅना अँड्र्यूज या नटाने केली. काटेकोरपणे पाहता फ्रेड हा वैमानिक नव्हे. विमानाच्या काचेच्या नाकाडात बसून नेम धरणारा आणि बॉम्ब सोडणारा तो अधिकारी होता. पण त्याच्या वाट्याला आलेले आकाश वैमानिकाचेच होते.

३/ फ्रेडची शोकांतिका साध्या हिशेबातली आहे. युद्धापूर्वी तो औषधांच्या दुकानात सोडा-आइसक्रीम विकत असे. युद्धाने त्याला कॅप्टन केले, पदके दिली, चांगला पगार दिला. परतल्यावर नोकरी कोणती मिळाली? पुन्हा त्याच दुकानातली. चार इंजिनांच्या विमानातून अचूक नेम धरण्याचे कसब गावात कोणाच्याच कामाचे नव्हते. ज्या पत्नीने गणवेशातल्या कॅप्टनशी लग्न केले होते, तिला साध्या कपड्यांतला विक्रेता नकोसा झाला.

४/ आणि रात्री स्वप्ने पडत. जळणारे विमान, त्यात अडकलेला सोबती, आणि घामाने भिजून किंचाळत उठलेला फ्रेड. दिवसा मात्र तो यावर चकार शब्द काढत नाही. चित्रपटात एक प्रसंग असा आहे की फ्रेड गाव सोडून निघाला आहे आणि मागे त्याचे वडील त्याच्या पदकाबरोबरचे मानपत्र वाचत बसले आहेत. मुलाने काय पराक्रम केला, हे बापाला कागदावरून कळते. त्या पराक्रमाने मुलाचे काय झाले, हे मात्र त्या कागदात नाही. हा कागद लक्षात ठेवा, धाग्याच्या शेवटी त्याच्याकडे परत यायचे आहे.

५/ आता तो प्रसिद्ध प्रसंग. गावातून निघण्यासाठी फ्रेड विमानतळावर येतो आणि वाट पाहता पाहता मोडीच्या मैदानात शिरतो. इंजिने काढून घेतलेली बॉम्बर विमाने ओळीने उभी आहेत. तो एकात चढतो, नाकाडातल्या आपल्या जुन्या जागी बसतो. काच धुळीने आंधळी झाली आहे. कॅमेरा विमानाकडे असा सरकतो की नसलेली इंजिने सुरू झाल्याचा भास व्हावा. फ्रेड पुन्हा त्या आकाशात जाऊन पोहोचतो. तेवढ्यात खालून मुकादम हाक मारतो.

६/ मुकादम सांगतो की ही विमाने तोडून त्यांच्या धातूतून घरे बनवायची आहेत. फ्रेड तिथेच काम मागतो आणि त्याला ते मिळते. जे यंत्र त्याला रोज रात्री झोपेतून उठवत होते, तेच तोडून लोकांसाठी घरे करण्याचे काम. कोणी डॉक्टर येत नाही, कोणी उपदेश करत नाही. हा प्रसंग कॅलिफोर्नियातल्या ऑन्टारिओ येथे खऱ्याखुऱ्या मोडीतल्या विमानांमध्ये चित्रित झाला. कलादिग्दर्शकाला तिथे काही उभारावे लागले नाही, युद्धानेच सगळे मांडून ठेवले होते.

७/ हा चित्रपट इतका खरा का वाटतो? कारण तो करणारेही युद्धातून आले होते. वायलरने महायुद्धात हवाई दलासाठी माहितीपट केले. त्यासाठी तो स्वतः बॉम्बर विमानांतून युद्धमोहिमांवर उडाला आणि त्या कामात त्याची श्रवणशक्ती बरीचशी गेली. हात गमावलेल्या नाविकाची भूमिका करणारा हॅरोल्ड रसेल व्यावसायिक नट नव्हता. सैन्यातल्या प्रशिक्षणात स्फोट होऊन त्याचे दोन्ही हात खरोखरच गेले होते. त्याच एका भूमिकेसाठी त्याला दोन ऑस्कर मिळाले. चित्रपटाने सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मानही पटकावला.

८/ त्या काळी या मानसिक जखमेला नीटसे नावही नव्हते. ब्रिटिश हवाई दलात जो वैमानिक ‘आता माझ्याने उडवत नाही’ म्हणे, त्याच्यावर ‘नैतिक धैर्याचा अभाव’ असा ठपका येऊ शकत असे. जखम मनाची आणि शिक्का चारित्र्यावर! कित्येक मोहिमा पार पाडलेले लोकही या शिक्क्याच्या भीतीने गप्प राहिले. ‘आघातोत्तर तणाव विकार’ हे निदान अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या अधिकृत सूचीत आले ते १९८० साली, म्हणजे फ्रेडच्या चित्रपटानंतर ३४ वर्षांनी. विज्ञानाच्या कितीतरी आधी सिनेमा तिथे पोहोचला होता.

९/ पुढे १९५७ मध्ये त्याच डॅना अँड्र्यूजने ‘झीरो अवर!’ या चित्रपटात खऱ्या अर्थाने माजी लढाऊ वैमानिक साकारला. युद्धातल्या आपल्या एका निर्णयामुळे सहा सहकारी गेले, या अपराधी भावनेने तो नोकरीत टिकत नाही, संसारात रमत नाही. मग प्रवासी विमानाचे वैमानिक अन्नविषबाधेने आडवे होतात आणि विमान उतरवण्याची वेळ याच्यावर येते. या कथेवरून १९८० मध्ये ‘एअरप्लेन!’ हे विडंबन निघाले आणि तेच जास्त गाजले. युद्धातून खचून परतलेला वैमानिक हा पाश्चात्त्य सिनेमाचा इतका ओळखीचा साचा झाला होता की त्याची चेष्टाही करता येऊ लागली.

१०/ आता अमेरिकेतून आपल्याकडे येऊ. बारामती-इंदापूरच्या वाचकांना वालचंदनगर सांगायला नको. पर्जन्यछायेतला हा अवर्षणाचा पट्टा नीरा डाव्या कालव्याच्या पाण्याने पालटला. त्या पाण्यावर ऊस उभा राहिला आणि १९३० च्या दशकात कळंबच्या माळावर साखर कारखान्याभोवती एक उद्योगनगरी वसली. तिला नाव मिळाले ते सोलापुरात १८८२ साली जन्मलेल्या वालचंद हिराचंद दोशी यांचे. बोगदे, रेल्वेची कंत्राटे, जहाजे, साखर, मोटारी अशा अनेक उद्योगांत हात घातलेला हा माणूस. भारतातला विमानांचा पहिला कारखानाही त्यांनीच काढला.

११/ १९३९ साली प्रशांत महासागरावरून जाणाऱ्या एका प्रवासी विमानात वालचंद यांची गाठ विल्यम पॉली या अमेरिकन गृहस्थाशी पडली. चीनमध्ये विमाने जुळवण्याच्या कारखान्याचा त्याला अनुभव होता. हे भारतात का होऊ नये, असे वालचंद यांच्या मनाने घेतले. ब्रिटिश सरकार आधी थंड होते. म्हैसूर संस्थानाने मात्र जागा आणि भांडवल दिले. २३ डिसेंबर १९४० रोजी बंगलोर येथे ‘हिंदुस्तान एअरक्राफ्ट’ कंपनीची नोंदणी झाली. आजच्या ‘एचएएल’चे हे मूळ. १९४१ मध्ये तिथे जुळवलेले पहिले शिकाऊ विमान उडाले आणि १९४२ मध्ये लढाऊ विमानही.

१२/ तोवर जपान युद्धात उतरला होता. हिंदुस्थान सरकारने एप्रिल १९४२ मध्ये वालचंद यांचा हिस्सा विकत घेतला आणि १९४३ मध्ये कारखाना अमेरिकन लष्करी हवाई दलाच्या हाती गेला. नवी विमाने बनवण्याचे स्वप्न बाजूला पडले आणि तिथे युद्धात थकलेल्या विमानांची दुरुस्ती सुरू झाली. ब्रह्मदेश आणि चीनच्या आघाडीवरची बॉम्बर आणि मालवाहू विमाने बंगलोरला येत, उघडली जात, पुन्हा जुळवली जात आणि परत आघाडीवर जात. भारतीय कामगारांच्या एका पिढीने मोठी चार इंजिनांची विमाने आतून पाहिली ती इथे. हे शिक्षण पुढे कामी येणार होते.

१३/ १९४५. युद्ध संपले. ब्रिटिश हवाई दलाकडची लिबरेटर जातीची बॉम्बर विमाने अमेरिकेने ‘लेंड-लीज’ करारान्वये दिली होती. युद्धानंतर ती परत करावी लागत, त्यांची किंमत मोजावी लागे किंवा ती निकामी करावी लागत. परत नेण्याचा खर्च कोण करणार? शेवटी मोठ्या संख्येने लिबरेटर कानपूरजवळच्या चकेरी तळावर गोळा करून जाणीवपूर्वक निकामी करण्यात आली. कोणी पुन्हा उडवू नयेत म्हणून पत्रे फाडले, यंत्रांची मोडतोड केली. चित्रपटातले ते कब्रस्तान कॅलिफोर्नियात, हे गंगेकाठी. काळ एकच.

१४/ इथून कथा वेगळे वळण घेते. १९४७ मध्ये देश स्वतंत्र झाला, फाळणी झाली, हवाई दलही वाटले गेले आणि काश्मीरमध्ये युद्ध पेटले. भारताकडे जड बॉम्बर नव्हते आणि नवे घ्यायला पैसा नव्हता. तेव्हा वालचंद यांनी सुरू केलेल्या त्या बंगलोरच्या कारखान्यातली माणसे कानपूरला गेली आणि भंगारात हिंडू लागली. या विमानाचा पंख, त्याचे चाक, तिसऱ्याचे इंजिन असे करत एकेक विमान कसेबसे उडण्याजोगे करायचे आणि बंगलोरपर्यंत न्यायचे, असा बेत होता. ते उडवण्याचे काम कारखान्याचे चाचणी वैमानिक जमशेद मुन्शी यांनी अंगावर घेतले.

१५/ ज्यांनी ती विमाने निकामी केली त्यांचा यावर विश्वास बसणे कठीण होते. पण चाळीसहून अधिक लिबरेटर अशी उभी राहिली. नोव्हेंबर १९४८ मध्ये हवाई दलाच्या पाचव्या स्क्वाड्रनला ती मिळाली आणि भारताचे पहिले जड बॉम्बर पथक तयार झाले. पुढे सागरी टेहळणीसाठी ती १९६८ पर्यंत उडत राहिली. तोवर जगात इतरत्र ही जात जवळपास नामशेष झाली होती. म्हणूनच आज अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडातल्या संग्रहांत असलेली काही लिबरेटर भारतीय हवाई दलाकडून गेलेली आहेत. एक दिल्लीत पालमच्या हवाई दल संग्रहालयात आहे.

१६/ आता दोन्ही चित्रे शेजारी ठेवून पाहू. अमेरिकन चित्रपटात विमान तुटते आणि माणूस उभा राहतो. आपल्या इतिहासात विमान उभे राहिले, आणि माणूस? त्याच विमानांच्या काळात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर उडालेले भारतीय वैमानिक घरी परतले तेव्हा त्यांना रात्री काय दिसत असे? लिबरेटरच्या दुरुस्तीची हकिगत आपण आकड्यांसह सांगू शकतो. माणसांच्या दुरुस्तीविषयी सांगू लागलो की वाक्य अर्ध्यावर थांबते. या धाग्याचे खरे कारण ते अर्धे राहिलेले वाक्य आहे.

१७/ असे का झाले? एक कारण कामाचे आहे. आपल्या माजी युद्धवैमानिकांना फ्रेडसारखे बेकार बसावे लागले नाही. १९३२ मध्ये जन्मलेल्या छोट्याशा हवाई दलाला फाळणीनंतर प्रत्येक अनुभवी हात हवा होता. युद्धातून उरलेल्या डाकोटा विमानांवर खासगी विमान कंपन्या निघाल्या. जानेवारी १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली विमाने मध्यरात्री नागपूरला भेटत, टपालाची अदलाबदल करून परतत. युद्धात रात्री उडालेली विमाने आता लोकांची पत्रे वाहू लागली.

१८/ दुसरे कारण स्मृतीचे आहे आणि ते अधिक खोल आहे. दुसऱ्या महायुद्धात सुमारे २५ लाख भारतीय सैन्यात होते. ते ब्रिटिशांच्या झेंड्याखाली लढले. स्वतंत्र भारताच्या वीरगाथेत आझाद हिंद सेनेला मानाचे स्थान मिळाले, तुरुंगात गेलेल्यांना मिळाले. पण साम्राज्यासाठी लढून जपानला रोखणाऱ्या या माणसांना कोणत्या रांगेत बसवायचे, हे आपल्याला ठरवता आले नाही. ज्याच्या युद्धाचीच आठवण समाजाला अवघड वाटते, त्याच्या जखमेची चौकशी कोण करणार?

१९/ आपला सिनेमाही याच वाटेने गेला. ‘संगम’ (१९६४) मध्ये राज कपूरचा सुंदर हवाई दलात जातो, मृत समजला जातो आणि परत येतो. तो अस्वस्थ होतो खरा, पण एका प्रेमपत्रामुळे. युद्धात त्याने काय पाहिले, हे त्याला कोणी विचारत नाही. ‘आराधना’ (१९६९) मधला वैमानिक अपघातात जातो आणि त्याचा मुलगा तोच गणवेश चढवतो. ‘सिलसिला’ (१९८१) मधला स्क्वाड्रन लीडर युद्धात मरतो आणि कथा मागे राहिलेल्यांची होते. आपल्या पडद्यावरचा वैमानिक देखणा असतो, गाणे म्हणतो आणि बहुधा मरतो. जगून घरी बसलेला वैमानिक पटकथेला पेलत नाही.

२०/ अपवादाच्या जवळ जाणारा एक चित्रपट आहे आणि त्याचे नाते मराठीशी आहे. गोविंद निहलानी दिग्दर्शित ‘विजेता’ (१९८२). पटकथा आपले कवी दिलीप चित्रे यांची. नायक अंगद हा फाळणीत होरपळलेल्या शीख बापाचा आणि मराठी आईचा मुलगा. घरातल्या ताणातून बाहेर पडण्यासाठी तो खडकवासल्याच्या एनडीएत जातो, लढाऊ वैमानिक होतो आणि १९७१ च्या युद्धात उडतो. इथे वैमानिकाला मन आहे, संभ्रम आहे, बापाशी न मिटलेले भांडण आहे. पण चित्रपट त्याच्या वैमानिक होण्याचा आहे. युद्धानंतरची २० वर्षे त्यात येत नाहीत, येण्याचे कारणही नव्हते. तो दुसरा चित्रपट झाला असता, आणि तो कोणी काढला नाही.

२१/ चित्रपट नसला तरी माणसे होती. दिलीप परुळकर यांचेच पाहा. १९६५ च्या युद्धात शत्रूची गोळी त्यांच्या हाताला लागली. तशाच अवस्थेत त्यांनी विमान परत आणून सुखरूप उतरवले आणि त्यांना वायुसेना पदक मिळाले. १० डिसेंबर १९७१ रोजी त्यांचे सुखोई-७ पाडले गेले आणि ते पाकिस्तानात युद्धकैदी झाले. रावळपिंडीच्या छावणीत त्यांच्यासारखे आणखी भारतीय वैमानिक होते. युद्ध दोन आठवड्यांत संपले, पण सुटकेची चिन्हे नव्हती. महिने जात राहिले.

२२/ ऑगस्ट १९७२ मध्ये, पाकिस्तानच्या स्वातंत्र्यदिनाच्या तोंडावर, परुळकर, मलविंदरसिंग ग्रेवाल आणि हरीश सिंहजी यांनी कोठडीच्या भिंतीला भोक पाडून पलायन केले. बसने पेशावर, तिथून खैबर खिंडीतले लंडी कोतल. अफगाण सीमा काही किलोमीटरवर होती. तिथे त्यांनी पुढच्या ‘लंडी खाना’ या रेल्वे स्थानकाकडे जाण्याची चौकशी केली आणि घात झाला. नकाशात असलेले ते स्थानक १९३२ मध्येच बंद पडले होते! स्थानिक माणूस तो पत्ता विचारणारच नाही. मित्रहो, जुना नकाशा हे साधन किती जपून वापरावे, याचा याहून महागडा धडा नाही.

२३/ हेर समजून गोळ्या घातल्या जाण्याची शक्यता होती. परुळकरांनी प्रसंगावधान राखून पाकिस्तानी हवाई दलप्रमुखांच्या एडीसीशी संपर्क साधण्याचा आग्रह धरला. ते उस्मान हमीद. पूर्वी त्यांच्याच छावणीचे प्रमुख होते आणि कैद्यांना माणुसकीने वागवणारे. ओळख पटली, जीव वाचले. मग लायलपूरची छावणी आणि अखेर १ डिसेंबर १९७२ रोजी वाघा सीमेवरून मायदेशी पाऊल. परुळकर ग्रुप कॅप्टन म्हणून निवृत्त झाले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले. या पलायनावर ‘द ग्रेट इंडियन एस्केप’ (२०१९) हा चित्रपट आहे. त्याचा विषय नावातच आहे, पलायन.

२४/ आणि जे परतलेच नाहीत? फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे यांचे विमान ५ डिसेंबर १९७१ रोजी शोरकोट रोडच्या तळावरील हल्ल्यात पडले. पत्नी दमयंती तांबे या राष्ट्रीय बॅडमिंटन विजेत्या आणि १९७० च्या अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. लग्नाला दोन वर्षेही झाली नव्हती. पतीला जिवंत पकडले गेले, अशी त्यांची धारणा राहिली. १९७९ मध्ये लोकसभेत अशा ४० बेपत्तांची नावे सरकारने सांगितली. पुढे हा आकडा ५४ झाला. कुटुंबीयांनी १९८३ आणि २००७ मध्ये पाकिस्तानातले तुरुंग जाऊन पाहिले. आपल्याकडे असे कोणी नाही, ही पाकिस्तानची भूमिका कायम राहिली.

२५/ ‘१९७१’ (२००७) हा अमृत सागर यांचा चित्रपट अशाच कैद्यांवर आहे. त्याला सर्वोत्कृष्ट हिंदी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तोही पलायनाचीच कथा सांगतो. पलायन, मृत्यू, विजय हे तिन्ही प्रसंग पडद्यावर उठून दिसतात. दमयंतीबाईंची ५० वर्षांची प्रतीक्षा किंवा एखाद्या निवृत्त वैमानिकाची अपुरी झोप यांत घटना नाही, फक्त काळ आहे. ‘द बेस्ट इयर्स’चे मोठेपण हेच की त्याने घटना संपल्यानंतरचा काळ हाच विषय मानला. सोडा विकण्याच्या गल्ल्यामागे उभा असलेला पदकधारी कॅप्टन त्याने डोळे न वळवता दाखवला.

२६/ इतिहासाच्या विद्यार्थ्यासाठी हा साधनांचा प्रश्न आहे. स्क्वाड्रनच्या नोंदवह्यांत उड्डाणे असतात: वेळ, लक्ष्य, किती विमाने गेली, किती परतली. पदकाच्या मानपत्रात एका दिवसाचा पराक्रम असतो. फ्रेडच्या वडिलांच्या हातातला कागद तो हाच. त्या कागदानंतर माणूस ४०-५० वर्षे जगतो आणि त्या वर्षांचे दफ्तर कोणत्याही अभिलेखागारात नसते. ते असते घरच्या माणसांच्या आठवणीत: ‘दिवाळीला फटाके वाजले की आजोबा आत जाऊन बसायचे’ अशा एखाद्या वाक्यात. ते वाक्य बोलणारा गेला की साधन नष्ट झाले.

२७/ म्हणून एक विनंती. बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या गावागावांत माजी सैनिक आहेत. बारामतीच्या धावपट्टीवरून आज शिकाऊ वैमानिकांची विमाने उडतात, ती पाहायला आपण माना वर करतो. खाली, पारावर किंवा ओसरीवर बसलेल्या माणसाकडेही पाहावे. महायुद्धाची पिढी जवळपास गेलीच. १९७१ मध्ये विशीत असलेले आज सत्तरी ओलांडून गेले आहेत. हवाई दल, पायदळ, नौदल, तंत्रज्ञ, चालक, स्वयंपाकी, कोणीही असोत. युद्धात सेवा बजावलेल्या प्रत्येकाला परतण्याचा अनुभव आहे.

२८/ काय विचारावे? ‘किती शत्रू मारले’ हा प्रश्न आधी डोक्यातून काढून टाकावा. विचारावे की घरी आलात तो दिवस कोणता, स्टेशनावर घ्यायला कोण आले होते. पहिल्या वर्षी काय काम केले, जुने सोबती कधी भेटले, पत्रे जपून ठेवली आहेत का. घरातल्या बायकांना वेगळे विचारावे, कारण परतलेल्या माणसाचे निरीक्षण सर्वांत जवळून त्यांनीच केले आहे. परवानगी घेऊन ध्वनिमुद्रण करावे. तारीख, गाव आणि तुकडीचे नाव तिथेच लिहून घ्यावे. जे सांगायचे नाही ते न सांगण्याचा त्यांचा हक्क मानावा.

२९/ एक सावधगिरीही हवी. परतलेला प्रत्येक सैनिक आतून मोडलेलाच असतो, असे चित्रपट पाहून ठरवू नये. कित्येक जण समाधानाने शेती करतात, संसार करतात, हसत जुन्या गोष्टी सांगतात. तेही तितकेच खरे आहे आणि त्याचीही नोंद व्हायला हवी. आपण निदान करायला निघालेलो नाही. मधली कोरी राहिलेली वर्षे भरण्याचा आपला प्रयत्न आहे. एखाद्याने ‘सगळे ठीक झाले’ एवढेच सांगितले, तर तेवढेच लिहावे.

३०/ कानपूरच्या मैदानात लिबरेटर उभी राहिली, कारण कोणीतरी भंगाराकडे भंगार म्हणून पाहिले नाही. यादी केली, कोणता भाग कुठे सापडतो ते पाहिले आणि चिकाटीने जुळवले. आठवणींचेही काम याच पद्धतीने होते. आपल्या घरात, वस्तीत असे कोणी असतील तर या आठवड्यात जाऊन बसा आणि त्यांना चालत असेल तर दोन ओळी या धाग्याखाली लिहा. नाव देणे आवश्यक नाही.